खिळ्यावरचा ब्लॉग

सोपान हिंगे यांनी जगाला धंदा शिकवायचं ठरवलं तेव्हा उंबरमळ्यात वीज नव्हती. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे ती दुपारी दोनला येणार होती आणि हा निर्णय झाला सकाळी नऊला. त्यामुळे जगाला पाच तास थांबावं लागलं.

ही गोष्ट २००६ सालच्या दसऱ्याची. सोपान तेव्हा पस्तिशीचा होता. निरगुडसरकडून पारगावला जाताना उसाच्या फडांमध्ये उंबरमळा लपलेला आहे. तिथे सोपानची सॉफ्टवेअरची कंपनी होती. कंपनी म्हणजे घराची पुढची खोली, दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. पण त्या खोलीत तयार झालेलं 'धारोष्ण' नावाचं सॉफ्टवेअर आंबेगाव-जुन्नरातल्या बारा दूध डेअऱ्यांवर चालत होतं. काट्यावर दूध ठेवलं, फॅट लागली, की कर्र-कर्र करत पावती बाहेर. पुण्यामुंबईच्या सॉफ्टवेअरला न जमणारी एक गोष्ट त्याला जमायची. मोजता मोजता वीज गेली, तरी ती परत आल्यावर त्याला अर्धवट मोजलेलं दूध कुणाचं होतं ते आठवायचं. उंबरमळ्यात वीज मोजता मोजताच जाते, त्यामुळे हा गुण फार मोठा.

बारा डेअऱ्यांना सॉफ्टवेअर विकताना सोपानला जे ज्ञान झालं होतं, ते कुठल्याही इंग्रजी पुस्तकात त्याला सापडलं नव्हतं. उदाहरणार्थ, आपल्याकडचं गिऱ्हाईक 'नाही' कधीच म्हणत नाही. ते 'बघू' म्हणतं. या 'बघू'चे सोपानने तीन प्रकार पाडले होते. मान वर करून म्हटलेलं 'बघू' म्हणजे नाही. चहा सांगून म्हटलेलं 'बघू' म्हणजे हो, पण भाव कमी करा. आणि बायकोकडे बघून म्हटलेलं 'बघू' म्हणजे निर्णय दुसरीकडे होतो, तुम्ही चुकीच्या माणसासमोर बसला आहात. हे ज्ञान आपल्याबरोबर जाऊ नये असं त्याला फार वाटायचं. म्हणून त्याने इंटरनेटवर मराठी ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'धंद्याची बाराखडी'. धंदा, मार्केटिंग आणि अर्थकारण या विषयांवर दर आठवड्याला एक लेख.

ब्लॉगच्या खाली त्याने एक आकडा बसवला होता. ब्लॉग उघडला की तो एकाने वाढायचा. महिन्याभरात चार लेख झाले आणि आकडा एकतीसवर गेला. सोपान खूश झाला. मग त्याने नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्यातल्या सव्वीस वेळा आकडा किती झाला हे बघायला तो स्वतःच गेला होता. चार वेळा हडपसरचा मेहुणा. उरलेला एक जण कोण, यावर त्याने दोन दिवस विचार केला. तो वाचक चीनमध्ये असावा असंही त्याला वाटून गेलं.

"ती मीच," त्याची बायको सिंधू भाकरी थापता थापता म्हणाली. "टेबल पुसताना बटन दाबलं गेलं."

सिंधूला बोलायची भीड नव्हती. ती पुढं म्हणाली, "तुमीच ल्हिलंय ना तिसऱ्या लेखात, की गिऱ्हाईक दुकानात येत नसंल तर दुकान गिऱ्हाइकापाशी न्या म्हणून? मग न्या की."

"तिसरा लेख तू वाचलास?" सोपानच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं.

"तुमी मोठ्यानं वाचत लिवता. घरात राहायचं म्हणल्यावर ऐकावंच लागतं."

दुकान न्यायचं कुठे, याला उत्तर एकच होतं. उंबरमळ्याच्या दूध डेअरीवर रोज सकाळी साठ-सत्तर माणसं किटल्या घेऊन वीस-वीस मिनिटं रांगेत उभी राहायची. वाचायला भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर आणि कृत्रिम रेतनाचं एक पोस्टर. ते पोस्टर लोकांचं तोंडपाठ झालं होतं. सोपानने डेअरीचे चेअरमन सावळेरामअण्णा यांना विचारलं. अण्णा तेव्हा फोनवर होते. त्यांना वाटलं फॅटबद्दल काहीतरी लावायचं आहे. ते म्हणाले, "लाव."

सोपानने चारही लेख आपल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर काढले. त्या प्रिंटरचा कागद सलग असतो, दोन्ही कडांना भोकं असलेला. चार लेखांची मिळून जन्मपत्रिकेसारखी लांबच लांब पट्टी झाली. ती त्याने खिळ्याला अडकवली, खाली कोरी जागा सोडून 'आपली प्रतिक्रिया येथे लिहा' असं छापलं आणि सुतळीला बॉलपेन बांधून लोंबतं ठेवलं. मग बाजूला उभं राहून तो जनतेची वाट बघू लागला.

जनता आली आणि घाबरली. भिंतीवर एवढा लांब कागद लागतो तेव्हा ती यादी असते, आणि यादी कधी चांगली नसते हा गावाचा अनुभव. कुणी म्हणालं रेशनकार्डं रद्द झाली, कुणी म्हणालं कॅनॉलखाली जाणाऱ्या जमिनी. ठकूबाई रांग सोडून पुढं आल्या आणि सोपानच्या दंडाला धरून म्हणाल्या, "सोपाना, माझं नाव हाय का रं त्याच्यात?"

"नाही मावशी, यादी नाही. लेख आहे."

"मग नाव घाल की बाबा. सगळ्यांची असतील अन् माझंच नसंल, असं नगं."

पेन पहिल्या दिवशी चोरीला गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं गेलं. तिसऱ्या दिवशी सुतळी गेली. चौथ्या दिवशी सोपानने पेन्सिल बांधली, ती कुणी नेली नाही. पेन्सिलीला गावात प्रतिष्ठा नव्हती. आणि आठवड्याच्या शेवटी त्याने पट्टी खाली उतरवली तेव्हा तिच्यावर चौदा प्रतिक्रिया होत्या. चौदा! इंटरनेटवर महिन्यात एक नव्हती. सोपानने ती पट्टी घरी नेऊन सिंधूला मोठ्याने वाचून दाखवली.

'लेख चांगला. टाइप बारीक.' 'बघू चे तीन नाही चार प्रकार आहेत, समक्ष भेटा.' 'आधी आमची फॅट का कमी लागते ते लिवा.' 'दोन म्हशी विकणे आहे. यमाजी.'

शास्त्र म्हणजे शास्त्र. वाचकाच्या प्रतिक्रियेत लेखकाने ढवळाढवळ करायची नाही, असं सोपानचं मत होतं. त्याने चौदाच्या चौदा प्रतिक्रिया जशाच्या तशा इंटरनेटवर चढवल्या, म्हशींसकट. आणि मग चमत्कार झाला. तिसऱ्या दिवशी अमेरिकेतून एका मराठी गृहस्थाने लिहिलं, 'लेख आवडला. शेवटी आलेली म्हैस हे कशाचं प्रतीक आहे?' सोपानने प्रश्न छापून खिळ्याला लावला. यमाजी हा मेंढरं राखणाऱ्या घरातला सरळ माणूस. त्याने प्रश्न कुणाकडून तरी वाचून घेतला, विचार केला आणि खाली उत्तर लिहवून घेतलं, 'जाफराबादी आहे.'

तेवढ्यावरून ब्लॉगचा आकडा एका आठवड्यात चारशेवर गेला. सोपान आता डेअरीवर जाताना इस्त्रीचा शर्ट घालू लागला.

यशाबरोबर मार्गदर्शक येतातच. रखमाजी गुरुजी निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण त्यांच्या खिशातलं लाल पेन निवृत्त झालेलं नव्हतं. एके सकाळी सोपान पट्टीसमोर उभा राहिला तर अर्थकारणावरचा त्याचा लेख गोवर आल्यासारखा दिसत होता. ऱ्हस्व-दीर्घाच्या सत्तावीस चुका गोल करून ठेवल्या होत्या आणि खाली शेरा होता, '१० पैकी ४½. विषय चांगला. उतावीळपणा टाळावा.' रांगेतल्या साठ माणसांनी तो आधी वाचला होता. ज्या माणसाला सोपानने गेल्याच महिन्यात मार्केटिंग समजावून सांगितलं होतं, तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे राव. पास तर हाय का न्हाई? पस्तीस टक्क्याला पास."

सोपानला रागावताही येईना, कारण सहाव्या लेखाचं नावच 'टीका करणारा ग्राहक म्हणजे फुकटचा सल्लागार' असं होतं. तो गुरुजींकडे गेला आणि दर बुधवारी लेख आधी त्यांना दाखवू लागला. गुरुजी तो आपल्या ओट्यावर मोठ्याने वाचायचे. ओट्याच्या कडेला यमाजीची बायको गजराबाई काठीवर हनुवटी टेकून उभी राहायची. तिची साठ-सत्तर मेंढरं समोरच्या पडीक रानात चरत असायची. तिला वाचता येत नव्हतं. ती ऐकायची, काही न बोलता निघून जायची. सोपान तिला वाचकांत धरत नव्हता.

असं डिसेंबरपर्यंत बरं चाललं. मग अकरावा लेख आला.

लेख मोबाइल कंपन्यांवर होता. त्यात एक वाक्य होतं, 'जिथे दुकान एकच असतं, तिथे दुकानदाराला गिऱ्हाईक दिसत नाही, फक्त रांग दिसते.' वाक्यावर सोपान फार खूश होता. गुरुजींनीही त्याला अर्धा गुण वाढवून दिला होता. पण उंबरमळ्यात किराणा दुकान एकच होतं, गेणभाऊंचं. पिठाची गिरणी एकच होती, तीही गेणभाऊंची. आणि डेअरी एकच होती, सावळेरामअण्णांची. दुपारपर्यंत तीनही धंद्यांच्या मालकांची, म्हणजे दोन माणसांची, मनं दुखावली.

गेणभाऊ सोपानच्या खोलीत येऊन म्हणाले, "मला रांग दिसती? तुज्या बापाला मी उसळीचे मूग रांगंत उभं करून दिले व्हते का रं?"

"भाऊ, तो लेख मोबाइल कंपनीवर आहे."

"मग मोबाइल कंपनीच्या भिताडावर लाव जा!" गेणभाऊ चपला न काढता आत आले होते. यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते सोपानला कळलं.

गेणभाऊंनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला की सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना फलक लावून गावाची शांतता बिघडवली जात आहे. दोन दिवसांनी सोपानला नोटीस आली, आणि हा फलक नाही, ब्लॉग आहे हे सांगायला तो ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवक भला माणूस होता. पण त्याच्याकडे पाच गावांचा कारभार होता आणि छापील अर्ज एकच.

"ब्लॉक म्हंजे पेव्हर ब्लॉक का? त्याला अंदाजपत्रक लागतं," तो म्हणाला.

"ब्लॉक नाही साहेब, ब्लॉग."

"कशाचा असतो?"

सोपानने इंटरनेटपासून सुरुवात केली. ग्रामसेवकाने पाच मिनिटं शांतपणे ऐकलं आणि अर्ज पुढे सरकवला. "ह्यातलं काय ते सांगा म्हंजे झालं. फलकाचे तीन प्रकार हायेत. जाहिरात, जाहीर सूचना अन् निधन वार्ता. जाहिरात म्हणाल तर कर आन् हरकती मागवाव्या लागतील. सूचना फक्त सरकारी अधिकाऱ्याला लावता येती. निधन वार्तेला काई लागत न्हाई. तेरा दिवस लावा."

सोपानने क्षणभर खरंच विचार केला. मग त्याच्या स्वाभिमानाने उसळी घेतली. "साहेब, माझा ब्लॉग जिवंत आहे," असं तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की नोटीस घेऊन तो छाती काढून बाहेर पडला.

छाती संध्याकाळपर्यंत टिकली. संध्याकाळी सावळेरामअण्णांनी त्याला डेअरीवर बोलावलं. अण्णांनी चहा सांगितला नाही. हे लक्षण वाईट होतं.

"सोपान, तुजं सॉफ्टवेअर चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "पण परवा एक माणूस आल्ता. त्याच्या सॉफ्टवेअरमधी स्क्रीनवर गाय हालती. तवा बघ. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभंपतोर कागद निघाला तर बरंच हाय. न्हाई निघाला तर मला गाईचा विचार करावा लागंल."

सोपान घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. उंबरमळ्याची डेअरी हे त्याचं पहिलं गिऱ्हाईक. बाकीच्या अकरांनी सॉफ्टवेअर घेतलं ते इथली पावती हातात धरून. इथून ते निघालं ही बातमी नारायणगावपर्यंत जायला एक बाजारचा दिवस पुरेसा होता. आणि काढायचं ते काय, तर एक कागद. खिळ्यावरून उतरवायचा, घडी घालायची, संपलं.

"काढू का गं?" त्याने सिंधूला विचारलं.

"मला इचारू नगा. गाय हालती ते बघून ज्याचं मन हालतं, त्याला तुमी काय सांगणार? पण एक सांगते. धा वर्षं तुमी डेअऱ्यांवर फिरता, तर लोक तुमाला 'मशीनवाला' म्हणत्यात. ह्या तीन महिन्यांत मला बायका इचारत्यात, 'ह्या आठवड्याला काय लिवलंय त्यांनी?' आता तुमचं तुमी बघा."

सोपानने कागद काढला नाही. काढायला दोनदा गेला होता, हे खरं. एकदा तर हात खिळ्यापर्यंत पोचला होता. पण तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "थांब राव, माझं वाचून व्हायचंय," आणि हात खाली आला.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, शाळेतल्या पोरांना बुंदी वाटली आणि त्याच मांडवात ग्रामसभा बसली. एरवी कोरम भरायला माणसं ओढून आणावी लागायची. त्या दिवशी मागच्यांना उभं राहावं लागलं. पाणीयोजना आणि स्मशानभूमीचं शेड हे विषय कुणी न ऐकताच मंजूर झाले आणि पाचवा विषय निघाला, 'दूध डेअरीवरील कागदाबाबत विचार करणे.'

गेणभाऊंनी उभं राहून ते वाक्य वाचून दाखवलं. दुकान, गिऱ्हाईक, रांग. वाचताना त्यांचा आवाज इतका भरून आला की मोबाइल कंपन्यांनाही वाईट वाटलं असतं. मग गुरुजींनी साक्ष दिली. ते म्हणाले, "मजकुराबद्दल मी बोलणार नाही. पण नोव्हेंबरात लेखाला सत्तावीस चुका होत्या, आता चार असतात. विद्यार्थ्यात प्रगती आहे." सोपानने मान खाली घातली. पस्तिसाव्या वर्षी, बारा डेअऱ्यांना सॉफ्टवेअर विकलेल्या माणसाला, भर सभेत.

शेवटी अण्णा उठले. "मंडळी, कुणाची दुश्मनी न्हाई. पण मला एकच सांगा. ह्या कागदानं गावाचं काय भलं झालं? सॉफ्टवेअर हाय, पावती निघती, ते ठीक. पण लिवून काय झालं?"

सोपान उत्तर द्यायला उठला. त्याच्याकडे जागतिक उदाहरणं होती. पण त्याच्या लक्षात आलं की आपल्यालाही याचं उत्तर माहीत नाही. तो उभाच राहिला. आणि तेव्हा बायकांच्या बाजूने काठी आपटल्याचा आवाज आला.

"मी बोलू का?" गजराबाई म्हणाली.

ती ग्रामसभेत कधी बोलली नव्हती. तिच्या घरातलं कुणीच बोललं नव्हतं. ती मेंढरं घेऊन गावात यायची, कडेकडेनं जायची.

"आठवा कागद गुरुजींनी वाचला तवा मी उभी व्हते," ती म्हणाली. "त्याच्यात व्हतं, तुमी काय इकता ते आदी वळखा. मी घरी गेले अन् रातभर डोक्यात तेच. मी काय इकते? मेंढरू तर वर्साला चार-पाच जातं. लोकर कुणी फुकट घेत न्हाई. मग मला कळलं. मी लेंडी इकते."

मांडवात हसू फुटलं. गजराबाई थांबली, हसू संपू दिलं आणि पुढं बोलली.

"हसा. आमच्या सासऱ्यापासनं शेतात मेंढरं बसवतोय. खत तुमच्या वावरात पडतं अन् आमाला पायलीभर बाजरी देता, ती बी 'बघू, सुगीला ये' म्हणून. ह्या टायमाला मी गेले न्हाई कुणाच्या बांधावर. मी निरोप धाडला. मेंढरं पायजेल तर आदी नाव लावा. आमच्या भितीवर कोळशानं दिवस आखले. नारायणगावच्या बाजूचे चार द्राक्षवाले आले, मोटारसायकल घिऊन, आमच्या दारापाशी. पार वैशाखातल्या आखितीपतोर माझ्या मेंढरांचा एक दिस रिकामा न्हाई. अन् ज्याला पायजेल त्यानं मला 'गजराबाई' म्हणून हाक मारायची, 'ए मेंढरंवाले' न्हाई. हे बी त्या कागदात व्हतं. नावानं वळख ठेवा."

तिने काठी उचलली. "आता तुमी कागद काढा न्हाई तर ठिवा. मला आठवा पाठ हाय."

ती बसली. सोपान उभाच होता. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आन् गेणभाऊ, तुमच्या दुकानाभाईर भावाचा फळा कवा लागला? सातव्या कागदानंतर लागला का न्हाई?"

गेणभाऊ लाल झाले. "त्यो मी आधीपास्नंच लावणार व्हतो!"

"मग वीस वर्षं खडू मिळत नव्हता का?"

मांडव असा हसला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. गेणभाऊ आधी रागावले, मग त्यांनाही हसू आवरेना. ते म्हणाले, "बरं, गिऱ्हाईक वाढलंय, हे मी काई न्हाई म्हणत न्हाई. पण त्या रांगंच्या वाक्याखाली 'गेणभाऊ सोडून' असं लिवा." सोपानने भर सभेत ते कबूल केलं. ग्रामसेवकाने अर्जावरच्या तीन प्रकारांखाली पट्टी धरून चौथा रकाना आखला, त्यात 'लेख' असं लिहिलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. शिवाय दूध घालायला न जाणाऱ्यांवर अन्याय नको म्हणून एक प्रत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावी, अशी ठकूबाईंनी सूचना केली. त्यात आपलं नाव असावं, अशी उपसूचनाही.

सभेनंतर सोपानने अण्णांना गाठलं. "अण्णा, मग गाईचं काय?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "बघू," ते म्हणाले, आणि हॉटेलवाल्याला ओरडून दोन चहा सांगितले. सोपानचा जीव भांड्यात पडला.

ग्रामसभेची सगळी हकिकत सोपानने ब्लॉगवर लिहिली, गजराबाईच्या शब्दांत, एकही शब्द न सुधारता. गुरुजींनी ती वाचून प्रथमच गुण दिले नाहीत. नुसती खाली सही केली. आणि फेब्रुवारीच्या शेवटी पुण्यातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयातून पत्र आलं. मॅनेजमेंट शिकणाऱ्या मुलांसमोर सोपान हिंगे यांनी व्याख्यान द्यावं, आणि शक्य झाल्यास सोबत गजराबाईंनाही आणावं.

'शक्य झाल्यास' हे सोपानला बरोबर वाटलं. मुख्य व्याख्यान आपलं. त्याने सेहेचाळीस पानांचं सादरीकरण तयार केलं, त्यात बाण होते, वर्तुळं होती. मेहुण्याकडून टाय मागवला. गजराबाई आधी नाहीच म्हणाली. मेंढरांकडं कोण बघणार? यमाजी म्हणाला, "मी बघतो. जा तू. पुणं बघून ये." मग तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, पिशवीत चार भाकरी आणि चटणी बांधली आणि मंचरला एसटीत सोपानच्या शेजारी ताठ बसली. राजगुरुनगर येईपर्यंत सोपान तिला माइक कसा धरायचा ते शिकवत होता. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ह्या वावरांना खत कमी पडतंय."

सभागृह मोठं होतं, थंड होतं, आणि दीडशे मुलं हातात वह्या घेऊन बसली होती. सोपानने चार पानं दाखवली. पाचव्या पानावर गजराबाईचं नाव आलं आणि तिथून सोपानचं व्याख्यान संपलं. एका मुलाने हात वर केला. "आजी, तुमची स्पर्धा कोणाशी आहे?"

"कोंबडखताच्या टेंपोशी," गजराबाई म्हणाली. माइक तिने काठीसारखा धरला होता.

"मग लोकांनी तुमचंच खत का घ्यायचं?"

"कोंबडखत आणाया टेंपो लागतो, उतरवाया माणसं लागत्यात, पसराया बाया लागत्यात. माझं खत सोताच्या पायानं येतं. सोताच वावरभर हिंडतं. अन् सकाळी उठून सोताच घरी जातं."

मुलं लिहून घ्यायला लागली. एकाने विचारलं भाव कसा ठरवता. ती म्हणाली, बांध बघून. एकीने विचारलं पैसे बुडवणाऱ्याचं काय करता. ती म्हणाली, "त्याच्या शेजाऱ्याच्या वावरात बसवते. ह्याला रोज दिसतं." चाळीस मिनिटं झाली. सोपानची एक्केचाळीस पानं प्रोजेक्टरमध्येच राहिली. तो बाजूच्या खुर्चीत टाय घालून बसला होता, आणि पहिली दहा मिनिटं त्याला थोडं लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मग त्याच्या लक्षात आलं की ती जे सांगत होती त्यातलं निम्मं त्याने लिहिलेलं होतं आणि निम्मं त्याला कधी सुचलं नव्हतं. आणि कुठलं कुठलं, हे आता त्यालाही ओळखता येईना. तोही खिशातून कागद काढून लिहून घेऊ लागला.

शेवटी प्राध्यापक बाई आभार मानायला आल्या. "आजी, आणि हे सोपान सर तुमचे कोण?"

गजराबाईने वळून सोपानकडे पाहिलं. टायपासून बुटांपर्यंत. सोपानने टायची गाठ सरळ केली.

"ह्यो व्हय?" ती म्हणाली. "ह्यो आमच्या गावाचा लिवणारा. ह्यो लिवतो, आमी करतो. ब्येस चाललंय आमचं."

सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. गजराबाईला वाटलं कार्यक्रम संपला. ती म्हणाली, "चल रं, तीनची एसटी घावली तर मेंढरं वावरात बसवायच्या आत घरी जाऊ." सोपानने भाकरीची पिशवी उचलली आणि तो तिच्या मागोमाग, खुर्च्यांच्या मधल्या वाटेने, दाराकडे निघाला. टाळ्या दोन्ही बाजूंनी पडत होत्या. त्यातल्या निम्म्या आपल्या, असं त्याने मनाशी धरलं, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेऊन छाती आणखी थोडी पुढं काढली.